जुना पिस्टन घेताना कॉम्प्रेशन रेशोचा हिशेब

किनवटहून माहूरला येणारा रस्ता डोंगराळ आहे आणि रेणुकामाता व दत्तशिखराकडची चढण त्याहून अवघड. नवरात्रात मागे माणूस आणि सामान घेतलेली मोटारसायकल दुसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून ही चढण चढू लागली आणि इंजिनातून टणटण आवाज येऊ लागला, तर दोष बहुधा पेट्रोलला दिला जातो. इंजिन नुकतेच उघडले असेल आणि त्यात जुन्या बाजारातून आणलेला, मूळ कंपनीचा नसलेला पिस्टन बसविला असेल, तर मात्र संशयाची सुई पिस्टनकडे वळायला हवी.

पिस्टन सर्वांत खाली असताना त्याच्या वर जेवढी जागा असते, ती पिस्टन वर आल्यावर उरलेल्या जागेच्या किती पट आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे कॉम्प्रेशन रेशो, अर्थात संपीडन गुणोत्तर. उरलेल्या जागेत हेडमधील पोकळी, गॅस्केटची (गॅरेजच्या भाषेत पॅकिंगची) जाडी आणि पिस्टनच्या माथ्याचा खोलगटपणा मिळविला जातो. माथा घुमटासारखा उंच असेल तर तेवढे आकारमान वजा होते.

दुकानात विचारले जाते ते फक्त माप. ते पुरेसे नाही, हे बुलेटच्या उदाहरणावरून कळते. ओतीव लोखंडी सिलिंडरची जुनी बुलेट ३५० आणि २००० च्या दशकाच्या अखेरीस आलेले त्याच क्षमतेचे नवे इंजिन, या दोन्हींचा बोअर ७० मि.मी. आणि स्ट्रोक ९० मि.मी. बोअरचा वर्ग गुणिले स्ट्रोक गुणिले ०.७८५४ (मापे सेंटिमीटरमध्ये) केले की दोन्हींचे उत्तर ३४६ घन सेंटिमीटर म्हणजे ३४६ सीसी येते. पण जुन्याचा रेशो ५.५, तर नव्याचा ८.५. रेशोतून एक वजा करून त्याने ३४६ ला भागले की उरलेली जागा मिळते: जुन्यात सुमारे ७७ सीसी, नव्यात ४६. म्हणजे 'सत्तरचा पिस्टन' हे वर्णन खरे असूनही निरुपयोगी ठरू शकते.

पिस्टनवर कोरलेले ०.२५, ०.५० किंवा १.०० हे आकडे रिबोअरिंगनंतरचा वाढीव व्यास दाखवितात. त्यांची धास्ती अनेकांना वाटते. रेशोच्या दृष्टीने ती फारशी रास्त नाही. बोअर ७० चा ७१ मि.मी. झाला तर क्षमता ३५६ सीसी होते आणि उरलेली जागा ७७ सीसीच धरली तर रेशो ५.५ वरून जेमतेम ५.६ होतो. खरा घात होतो तो उंचीत. गजनपिनच्या मध्यापासून माथ्याच्या कडेपर्यंतचे अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजून मूळ पिस्टनशी ताडून पाहावे. हे अंतर १ मि.मी.ने जास्त असेल तर उरलेल्या जागेतून ३.८५ सीसी कमी होतात. जुन्या बुलेटचा रेशो त्यामुळे ५.५ वरून ५.७ होईल, पण नव्या इंजिनाचा ८.५ वरून थेट ९.२ वर जाईल. उरलेली जागा जितकी लहान, तितका एकेक मिलिमीटर महाग.

डिझेल इंजिनात तर हे प्रकर्षाने जाणवते. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून सर्रास दिसणारे किर्लोस्करचे टीव्ही-१ इंजिन ८७.५ मि.मी. बोअर, ११० मि.मी. स्ट्रोक आणि १७.५ रेशोचे आहे. त्यात उरलेली जागा अवघी ४० सीसी. पिस्टन अर्धा मिलिमीटर उंच निघाला तरी रेशो १८.८ होतो, त्याहून उंच असेल तर तो हेडवर आदळण्याची भीती असते. शेतातल्या इंजिनाला 'जवळपास तसाच' पिस्टन घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

माथा सपाट नसेल तर त्याचे आकारमान मोजावेच लागते. त्यासाठी सिरिंज, थोडे ग्रीस आणि भोक पाडलेली जाड पारदर्शक प्लास्टिकची पट्टी पुरते. पिस्टन सिलिंडरच्या तोंडापासून, माथ्याच्या कडेशी मोजून, बरोबर १० मि.मी. खाली ठेवावा, कडेने ग्रीस लावावे, पट्टी बसवून भोकातून तेल भरावे. ७० च्या बोअरमध्ये ही जागा ३८.५ सीसी असायला हवी. तेल ३३.५ सीसीच मावले तर घुमट ५ सीसीचा आहे, ३८.५ हून जास्त मावले तर माथा खोलगट आहे. हेडची पोकळी व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून, हेड उलटे ठेवून अशीच मोजता येते. हे काम दुकानदारासमोर होणार नाही, हे उघड आहे. म्हणूनच पिस्टन परत घेण्याची बोली आधीच करावी.

कॉम्प्रेशन गेजवर दिसणारा दाब म्हणजे रेशो नव्हे. रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसले की रेशो तोच राहून दाब पडतो. उलट माथ्यावर काजळीचा जाड थर असेल तर रेशो वाढतो. मोजण्यापूर्वी ती खरवडून काढावी. पिस्टनचा व्यास माथ्याशी न मोजता खालच्या भागात, गजनपिनशी काटकोनात मायक्रोमीटरने घ्यावा, कारण पिस्टन मुळातच किंचित लंबगोल आणि वर निमुळता बनवितात. पिनच्या भोकाशी केसाएवढी चीर दिसली किंवा रिंगच्या खाचा सैल लागल्या, तर हिशेब करीत बसण्याचे कारणच उरत नाही.

रेशो थोडा जास्त निघाल्यास दोन पॅकिंग घालण्याची गॅरेजमधील युक्ती गणिताला धरून आहे. ७० च्या बोअरवर प्रत्येक मिलिमीटरला ३.८५ सीसी परत मिळतात. मात्र सांध्यातून वायू गळण्याचा धोका वाढतो, आणि पुशरॉडच्या इंजिनात टॅपेट पुन्हा जुळवावे लागतात. मे महिन्यात नांदेड-लातूरकडे हवाच इतकी तापलेली असते की काठावरचा रेशोही चढणीवर टणटण करू लागतो. तो आवाज दुर्लक्षून गाडी तशीच रेटली, तर पिस्टनच्या माथ्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाते आणि सिलिंडर पुन्हा बोअरिंगला न्यावा लागतो.