मागे राहिलेल्या भिंगऱ्या

हिवाळ्यात भिंगऱ्या जातात कुठे, हा प्रश्न युरोपात दोन हजार वर्षे रेंगाळला. काही भिंगऱ्या बिळांत दडून राहतात, असे अ‍ॅरिस्टॉटलने लिहिले. १५५५ साली स्वीडनच्या ओलाउस मॅग्नस यांनी तर कोळ्यांच्या जाळ्यात पाण्याखालून भिंगऱ्यांचे पुंजके येतात, असे छापले.

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या सेलबर्न गावचे पाद्री गिल्बर्ट व्हाइट (१७२०-१७९३) यांनी या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. शरद सरताना थवे निघून जात. तरी नोव्हेंबरमध्ये एखाद्या उबदार दिवशी त्यांना चार-दोन भिंगऱ्या दिसत. दूरदेशी गेलेले पक्षी अवचित कसे दिसतील? म्हणजे काही जवळच झोपून राहत असतील, असे त्यांना वाटे. त्यांचे भाऊ जॉन जिब्राल्टरला होते. सामुद्रधुनी ओलांडणाऱ्या भिंगऱ्यांविषयी त्यांनी कळवले. पुष्कळ पक्षी स्थलांतर करतात हे व्हाइट यांनी मानले, पण त्या चार-दोन पक्ष्यांची शंका सुटली नाही. माणसे लावून त्यांनी झुडपे धुंडाळली. काहीच सापडले नाही, आणि तेही त्यांनी लिहून ठेवले. १७८९ साली त्यांचे पुस्तक आले.

मे १९११ मध्ये जॉन मेसफील्ड या वकिलांनी स्टॅफर्डशायरमध्ये एका माळभिंगरीच्या पायात क्रमांकाचे कडे घातले. डिसेंबर १९१२ मध्ये ती दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतात सापडली. बिळे नाहीत, तळी नाहीत. तो इवलासा जीव खंड ओलांडून गेला होता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे काही बिघडले की आधी लॉग उघडतात: काय झाले, किती वाजता. कारणाचा तर्क त्यानंतर. व्हाइट यांचा तर्क चुकला, पण तर्क आणि नोंद त्यांनी एकमेकांत मिसळली नाही. म्हणूनच त्यांच्या तारखा आजही वाचल्या जातात.

मित्रमैत्रिणींनो, या स्मरणिकेत आपण आठवणी भरभरून लिहू. पण ‘एकदा काय झालं’च्या पुढे तारीख क्वचितच येईल. वहीच्या कोपऱ्यात तारीख नसली की बाई वही परत करायच्या. बाई, तेव्हा राग यायचा. आता त्याचे मोल कळते.

माळभिंगऱ्या दर थंडीत आपल्याकडेही येतात, विजेच्या तारांवर ओळीने बसतात. यंदा पहिली कधी दिसली आणि शेवटची कधी, एवढे तारखेसह लिहून ठेवाल? पुढच्या मेळाव्यात वह्या ताडून पाहू.