पाकात मुरलेला कोळसा

विजेने पाणी फोडणाऱ्या प्रोटॉन-पटलाच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये हायड्रोजन सुटतो त्या ऋणाग्राला टेकून बहुधा कार्बनचा पातळ, सच्छिद्र कागद बसवलेला असतो. धनाग्रापाशी तो चालत नाही. तिथे ऑक्सिजन सुटायला किमान १.२३ व्होल्ट लागतात आणि कार्बन तर तत्त्वतः ०.२१ व्होल्टपासूनच कार्बन डायऑक्साइड होऊन झिजू शकतो. म्हणून त्या बाजूला टायटॅनियम. या कागदाचे कूळ शोधत गेलो आणि थेट साखरेच्या पाकापाशी पोहोचलो!

निकल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० साली विजेने पाणी फोडले. त्याच वर्षी हम्फ्री डेव्हीने धातूच्या जागी लोणारी कोळसा वापरून पाहिला, म्हणून या घराण्याचा मूळपुरुष डेव्हीच, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. डेव्हीने कोळसा वापरला, घडवला नाही. घडवला तो रॉबर्ट बुन्सेनने, १८४१ साली. ग्रोव्ह या शास्त्रज्ञाच्या विद्युतघटातले प्लॅटिनम फार महाग पडे. त्याऐवजी बुन्सेनने कोक आणि दगडी कोळसा यांची पूड साच्यात भाजली. निघालेला ठोकळा सच्छिद्र असे. तो साखरेच्या दाट पाकात भिजवून पुन्हा भाजायचा. साखर जळून तिचा कार्बन मागे राहतो, छिद्रे बुजतात, कण एकमेकांना सांधले जातात.

दुसरा दावेदार एडवर्ड ॲचेसन. कार्बोरंडम (सिलिकॉन कार्बाइड) अती तापवल्यावर त्यातले सिलिकॉन उडून ग्रॅफाइट उरते, हे त्याने हेरले आणि १८९६ साली पेटंट मिळवले. त्याची देणगी मोठी, पण ती प्रखर उष्णतेची. ‘भिजवा आणि पुन्हा भाजा’ ही युक्ती बुन्सेनचीच. ग्रॅफाइट इलेक्ट्रोडच्या कारखान्यांत आजही भाजलेल्या कांड्या डांबरापासून मिळणाऱ्या पिचमध्ये मुरवून पुन्हा भाजतात. साखरेची जागा पिचने घेतली ती स्वस्त म्हणून आणि भाजल्यावर त्यातून कार्बन अधिक उरतो म्हणून, असा माझा अंदाज आहे. आणि आपला कागद? कार्बनचे तंतू फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवायचे आणि भाजायचे. पाक, पिच, रेझिन: पदार्थ बदलले, रीत तीच.

ग्रॅफाइटचे श्रेय ॲचेसनला खुशाल द्यावे. पण हायड्रोजनच्या यंत्रातल्या कार्बनचा मूळपुरुष बुन्सेनच.