विद्युत् व मेंदू-उद्दीपन उपचार (पक्षाघातानंतर हातासाठी)

पक्षाघाताने म्हणजेच लकव्याने लुळा पडलेला हात पुन्हा वापरात यावा म्हणून व्यायामाच्या जोडीने दिले जाणारे उपचार. विदर्भाच्या ग्रामीण भागात या आजाराचे ओझे मोठे आहे. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेच्या ८६ गावांतील पाहणीत (प्रसिद्धी २०१५) १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाल्याचे दिसले. मृत्यूचे ते पहिल्या क्रमांकाचे कारण होते.

सर्वांत परिचित प्रकार म्हणजे फिजिओथेरपीतले ‘करंट देणे’. त्वचेवर चिकटवलेल्या पट्ट्यांतून सौम्य विद्युत्‌स्पंद सोडले की मनगट आणि बोटे उघडणारे स्नायू आकुंचन पावतात. त्याच क्षणी रुग्णाने स्वतः मूठ उघडायचा, पेला धरायचा प्रयत्न करायला हवा. नुसते यंत्र लावून पडून राहिल्याने फारसे साधत नाही. पेसमेकर असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपचार घेऊ नये.

डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंदांनी मेंदू चेतवण्याचे तंत्र संशोधक अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे दाखवले. हाताच्या सुधारणेबाबत त्याचे निष्कर्ष अजून एकसारखे नाहीत.

छातीत यंत्र बसवून व्हेगस मज्जातंतू उद्दीपित करण्याच्या पद्धतीला पक्षाघातानंतरच्या हाताच्या उपचारासाठी अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. मात्र त्यासाठी शस्त्रक्रिया लागते. त्यापेक्षा विदर्भातल्या उमरखेड तालुक्यातील ढाणकीसारख्या गावांना घराजवळ, नियमित मिळणारी फिजिओथेरपी अधिक गरजेची आहे.