मिठाच्या राशीवरचे छप्पर

उत्तर अमेरिकेच्या हिमप्रदेशातील रस्त्यांचा इतिहास सांगताना लेखकांचे लक्ष बहुधा बर्फ लोटणाऱ्या अवजड यंत्रांकडे, रात्रभर राबणाऱ्या चालकांकडे आणि मोठमोठ्या वादळांच्या हकिकतींकडे वेधले जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्या रस्त्यांवर जे मीठ आणि जी वाळू टाकली जाते ती हिवाळा येईपर्यंत कोठे राहते, कोणाच्या ताब्यात राहते आणि तिच्यावर छप्पर असते की नसते, या वरकरणी क्षुल्लक प्रश्नाचा इतिहास मला त्याहून अधिक मननीय वाटतो. मीठ स्वस्त होते म्हणून ते कित्येक वर्षे उघड्यावर राहिले, आणि त्याची किंमत ज्यांनी ते कधी विकत घेतले नव्हते अशा शेजाऱ्यांना आपल्या विहिरी गमावून चुकती करावी लागली, ही त्या इतिहासातील मुख्य गोष्ट होय.

एकोणिसाव्या शतकात न्यू इंग्लंडमधील खेड्यांना हिम हा रस्त्याचा शत्रू वाटत नसे. घोडे जुंपलेल्या घसरगाड्यांना हिमाचीच वाट हवी असल्यामुळे ते काढून टाकण्याऐवजी प्रचंड लाकडी रूळ फिरवून दाबून घट्ट केले जाई, आणि गावाने नेमलेल्या हिमरक्षकाकडे जी कामे सोपविलेली असत त्यांत छप्पर असलेल्या लाकडी पुलांच्या आत बाहेरचे हिम फावड्याने आणून पसरणे हेही एक काम असे. त्या पुलांवर छप्पर घालीत ते केवळ आतील तुळया पावसापाण्याने कुजू नयेत म्हणून. आणि ज्या लोकांना पुलाच्या लाकडासाठी इतका दूरचा विचार सुचला त्यांच्याच नातवंडांनी पुढे मिठाच्या राशी आकाशाखाली मोकळ्या सोडाव्यात, याचे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. मोटारगाडी आली आणि हा सारा व्यवहार उलटा झाला. रबरी चाकांना हिम नको होते; तेव्हा नांगरासारखी पाती लावून ते बाजूला सारण्याची प्रथा पडली, आणि खाली जो निसरडा थर राहत असे त्यावर भट्ट्यांतील राख, कोळशाची खर आणि वाळू टाकून चाकांना पकड मिळवून देण्यात येऊ लागली. मीठ त्या काळी वापरले जाई ते मुख्यतः वाळूचा ढीग गोठून दगड होऊ नये एवढ्यापुरते.

केवळ मिठाने रस्ता मोकळा करण्याचे धोरण राज्याच्या पातळीवर प्रथम स्वीकारले ते न्यू हॅम्पशरने, 1941-42 च्या हिवाळ्यात. त्या हिवाळ्यात सबंध देशातील महामार्गांवर मिळून सुमारे 5,000 टन मीठ पडले. युद्ध संपल्यावर मात्र परिस्थिती झपाट्याने पालटली. कामकरी माणसाला उपनगरातून शहरात वेळेवर पोचविणारा, बाराही महिने काळा आणि कोरडा दिसणारा रस्ता हा नागरिकाचा हक्क समजला जाऊ लागला, 1956 च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणण्यास आरंभ झाला, आणि 1970 च्या सुमारास वर्षाला 90 लाख ते एक कोटी टन मीठ रस्त्यांवर पडू लागले. ही मागणी भागविण्यास भूगर्भ समर्थ होता. डेट्रॉइट शहराच्या खाली सुमारे 1,200 फूट खोलीवर सैंधवाचे जाड थर आहेत आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे खाणकाम सुरू झाले. कॅनडातील ऑन्टेरिओ प्रांतात गॉडरिच या बंदराशी 1866 साली खनिज तेलाच्या शोधासाठी भोक पाडीत असता तेलाऐवजी मीठ लागले, आणि 1959 पासून तेथे ह्यूरन सरोवराच्या तळाखाली सुमारे 1,800 फुटांवर जी खाण सुरू झाली ती आज जगातील मोठ्या मिठाच्या खाणींत गणली जाते. अशा विपुलतेमुळे मीठ इतके स्वल्पमोल झाले की त्यातले थोडे पावसात वाहून गेले तर खात्याच्या हिशेबात त्याची दखलही घेतली जात नसे.

उन्हाळ्यात जहाजांनी, आगगाडीच्या वाघिणींनी किंवा मालमोटारींनी मीठ येऊन पडे. महामार्ग खात्याच्या प्रत्येक आवारात, बहुधा रस्त्यालगतच्या सखल व मोकळ्या जागी, कधी ओढ्याच्या काठीच, त्याची रास रचली जाई आणि शेजारी मीठ मिसळलेल्या वाळूची दुसरी रास असे. या दुसऱ्या राशीकडे तर कोणी संशयाने पाहतच नसे, कारण वाळू निरुपद्रवी. वस्तुतः शंभर भाग वाळूत पाच ते दहा भाग मीठ असले तरी हजारो टनांच्या ढिगात त्याचे वजन शेकडो टन भरते, आणि पाऊस मीठ व वाळू यांत निवड करताना चुकत नाही. एक लिटर थंड पाणी पाव किलोहून अधिक मीठ सहज विरघळवून घेते. असे झालेले खारवण साध्या पाण्याहून जड असल्यामुळे जमिनीत मुरताना वर न रेंगाळता थेट तळ गाठते आणि भूजलाच्या खालच्या अंगाने, खडकाच्या उतारानुसार, संथपणे पुढे सरकत राहते. त्यातील सोडियम वाटेतील चिकणमातीला काही अंशी धरून राहते, पण क्लोराइडला मातीही अडवीत नाही आणि सूक्ष्म जंतूही पचवीत नाहीत. अधिक पाण्यात मिसळून ते विरळ होईल तेवढेच. म्हणून राशीपासून बऱ्याच अंतरावरची विहीर, तीही रास रचल्यानंतर कित्येक वर्षांनी, एकाएकी खारी निघे, आणि तिच्या मालकाला आपल्या दुर्दैवाचा उगम कोठे आहे याचा पत्ता लागत नसे.

येथे कोकणातील मिठागरांचे स्मरण होते, आणि ते केवळ स्वदेशप्रीतीने नव्हे. उरण, पेण, भाईंदर या भागांतील आगरी लोक समुद्राचे पाणी कोंड्यांत घेऊन उन्हाने आटवितात, आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वी बांधावर रचलेल्या मिठाच्या राशी गवताने व पेंढ्याने शाकारून घेण्याची त्यांची रीत जुनी आहे. घर शाकारावे तितक्याच काळजीने रास शाकारावी लागे, कारण चार महिन्यांच्या पावसात उघडी राहिलेली रास आश्विनात शिल्लक राहिली नसती. इंग्रजी अमलात या काळजीवर आणखी एक पहारा बसला. 1890 च्या मुंबई मीठ कायद्यान्वये मिठागरे परवान्याने आणि सरकारी देखरेखीखाली चालत, प्रत्येक मणावर जकात असे, आणि 1923 मध्ये ती मणामागे सव्वा रुपयावरून अडीच रुपयांपर्यंत चढविण्यात आली होती. अशा मिठाचा खडाही वाया जाऊ देणे सरकारला परवडणारे नव्हते. त्या बंदोबस्तातील अन्याय 1930 साली वडाळा आणि शिरोडा येथील सत्याग्रहींनी जगापुढे मांडला आणि तो अन्याय होता याविषयी दुमत नाही. मला येथे पाहावयाचे आहे ते इतकेच की एका देशात मीठ झाकले गेले ते त्यात उत्पादकाचे पोट आणि सरकारचा महसूल गुंतलेला होता म्हणून, आणि दुसऱ्या देशात ते उघडे राहिले कारण त्यात कोणाचेच काही गुंतलेले नव्हते. ज्या पाण्यात सर्वांचेच गुंतलेले होते त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नव्हती.

ती नोंद होऊ लागली विहिरींपासून. न्यू हॅम्पशरच्या महामार्ग खात्याला, ज्याने मिठाचे धोरण प्रथम स्वीकारले त्यालाच, रस्त्याकाठच्या रहिवाशांच्या खाऱ्या झालेल्या विहिरी स्वखर्चाने बदलून देण्याची पाळी आली. मॅसॅच्युसेट्समधील बर्लिंग्टन या गावाने 1970 मध्ये आपल्या हद्दीतील रस्त्यांवर मीठ टाकण्यास चक्क मनाई केली, कारण गावाला पाणी पुरविणाऱ्या विहिरींतच क्लोराइड चढले होते. पुढे त्या राज्याच्या कायद्याने पाणीपुरवठा दूषित होईल अशा जागी वा अशा रीतीने मीठ साठविण्यास प्रतिबंध केला. ज्यांना वैद्यांनी मीठ वर्ज्य सांगितले आहे अशा रुग्णांच्या पाण्यात सोडियम लिटरमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये असा दंडक असताना, ज्याला आपल्या घरच्या नळातून काय येते हे ठाऊक नाही त्याची अवस्था काय होत असेल याची कल्पना करावी. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरजवळच्या आयरॉन्डिक्वॉइट उपसागराविषयी 1971 साली जे संशोधन प्रसिद्ध झाले त्याने तर नवाच प्रश्न उभा केला: वसंतऋतूत सरोवरांचे वरचे आणि तळचे पाणी एकमेकांत मिसळून तळापर्यंत प्राणवायू पोचतो, परंतु रस्त्यांवरून आलेल्या मिठाने तळचे पाणी इतके जड झाले होते की हे ऋतुचक्रातील मिश्रणच अडून राहिले होते.

उपाय म्हणून आधी ताडपत्र्या आल्या. कागदावर ही तजवीज निर्दोष होती. प्रत्यक्षात मध्यरात्री वादळ सुरू झाले की दोन माणसे गोठलेली ताडपत्री ओढून काढीत, यंत्राने मीठ उचलून गाड्या भरीत, आणि पहाटे चौथी खेप भरताना ती पुन्हा अंथरण्याइतके त्राण कोणातच उरत नसे. वारा तिचे कोपरे फाडी, तिच्यावर ठेवलेले जुने टायर घसरून पडत, आणि वसंतात पाहावे तो रास अर्धी उघडी आणि वरचा थर पहारीने फोडावा लागेल इतका कठीण झालेला असे. दोष त्या माणसांचा नव्हता. ज्या छपराला प्रत्येक वेळी काढावे आणि घालावे लागते ते छप्पर आणीबाणीच्या कामाला उपयोगी पडत नाही, हे त्या अनुभवाने सिद्ध झाले.

मग लाकडाच्या वखारी उभ्या राहिल्या, आणि त्यांत घुमटाकार वखारींना विशेष मान मिळाला. ओतलेले मीठ आपोआप जो शंकू धारण करते त्याची बाजू जमिनीशी सुमारे 32 अंशांचा कोन करते. तेव्हा त्या शंकूवर बेतून बसविलेला घुमट कमीत कमी सामग्रीत अधिकात अधिक रास झाकतो, आणि लाकडाचे मिठाशी वैरही नाही, उलट मिठात मुरलेले लाकूड सहसा कुजत नाही. पोलाद आणि सळईचे काँक्रीट यांना मात्र क्लोराइड कुरतडून टाकते. घुमटाची अडचण अशी की त्यात उंच पाठीची मालमोटार आत नेऊन रिकामी करता येत नाही. मीठ दारात ओतून यंत्राने आत ढकलावे लागते, आणि त्या ढकलण्यात दाराबाहेर सांडणारे मीठ पुन्हा पावसाच्याच स्वाधीन होते.

कायदा या अनुभवाच्या मागून आला. विस्कॉन्सिन राज्याने 1984 मध्ये भूजलरक्षणाचा जो व्यापक कायदा केला त्यात महामार्गांच्या मिठाच्या साठवणुकीचाही विचार केला, आणि त्यातून अभेद्य तळ, छप्पर व नियमित तपासणी यांचे नियम सिद्ध झाले. मेन राज्याने खेड्यांना वाळू-मिठाच्या वखारी बांधण्यासाठी खर्चाचा वाटा उचलला, जे मला विशेष न्याय्य वाटते, कारण छोट्या गावाला आपल्या तुटपुंज्या उत्पन्नातून अशी इमारत उभारणे म्हणजे शाळेच्या किंवा अग्निशामक बंबाच्या पैशात हात घालणे होते. कॅनडात 2001 साली केंद्र सरकारच्या शास्त्रीय परीक्षणाने रस्त्यांवरील मीठ पर्यावरणास घातक ठरविले, आणि त्यात रस्ते व हिम टाकण्याच्या जागा यांच्या बरोबरीने साठवणुकीच्या आवारांनाही दोषी धरले; त्यानंतर 2004 मध्ये जी आचारसंहिता प्रसिद्ध झाली ती वर्षाला 500 टनांहून अधिक मीठ वापरणाऱ्या संस्थांना उद्देशून आहे. ती सक्तीची नाही, आणि तरीही अनेक नगरपालिकांनी तिच्यानुसार आपल्या वखारींची आखणी बदलली, ही गोष्ट त्या देशाच्या नागरी व्यवस्थेविषयी आदर वाटावा अशीच आहे.

कापडी छताच्या इमारतींचा प्रसार झाला तो या वातावरणात. जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी नळ्यांच्या कमानी उभारून त्यांवर पॉलिथिलीनचे किंवा पीव्हीसीचा लेप दिलेले पॉलिएस्टरचे कापड ताणून बसवावयाचे, आणि खाली काँक्रीटच्या ठोकळ्यांची भिंत घालावयाची, अशी ही रचना गुरांचा चारा आणि शेतीची अवजारे ठेवण्यासाठी आधीच रूढ झाली होती; मिठाच्या कामी तिचे गुण विशेष उपयोगी पडले. कापड गंजत नाही. मध्ये एकही खांब नसल्यामुळे मालमोटार आतच ओतता येते आणि भरणारे यंत्र मोकळेपणे फिरते. दिवसा कापडातून पुरेसा उजेड झिरपतो. आणि मुख्य म्हणजे पक्क्या इमारतीच्या मानाने ती लवकर व कमी खर्चात उभी राहते. तथापि तिला निर्दोष समजणे ही चूक होईल. आतल्या दमट हवेतील सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी शोषून पाझरू लागते, आणि तीच खारट वाफ कमानींच्या सांध्यांवर बसून जस्ताचा थर खाते. म्हणून हवा खेळती ठेवणे, कमानींचे पाय भिंतीच्या उंचीवर ठेवून राशीपासून अलग राखणे आणि कापडाचा ताण वर्षातून एकदा तरी तपासणे अगत्याचे असते. काही वर्षांनी कापड बदलावेच लागते, आणि तो खर्च आरंभीच्या अंदाजपत्रकात न धरणाऱ्या गावाला तो पुढे जड जातो.

याच्या दुसऱ्या टोकाला न्यूयॉर्क शहराने मॅनहॅटनमध्ये स्प्रिंग स्ट्रीटजवळ 2015 साली पूर्ण केलेली मिठाची वखार आहे: मिठाच्या स्फटिकासारखे पैलू पाडलेल्या काँक्रीटची, जवळजवळ 70 फूट उंचीची आणि 5,000 टन मीठ सामावणारी. मीठ झाकण्याच्या कामाला एका महानगराने इतकी प्रतिष्ठा द्यावी, याचा मला मनापासून आनंद वाटतो. परंतु या प्रश्नाचा निकाल लागतो तो अशा वास्तूंत नव्हे, तर खेड्यातील कापडी छताखाली. तेथे तळाचे डांबर तडकले आहे का, बाहेरचे पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून उतार दिलेला आहे का, गाडी भरताना दारापुढे सांडलेले मीठ वादळ ओसरल्यावर लगेच झाडून आत टाकले जाते का, आणि गाड्या धुतल्याचे पाणी ओढ्यात सोडले जाते की टाकीत साठविले जाते, एवढ्याच गोष्टी पाहावयाच्या असतात. आणि पन्नास वर्षांपूर्वी ज्या जागी रास उघडी पडलेली होती तेथील जमिनीतून अजूनही खारवण झिरपत असेल, तर नवे छप्पर पडल्यानंतरही शेजारच्या विहिरीचे पाणी दरवर्षी तपासून त्याचा आकडा तिच्या मालकाला कळविणे हे त्या आवाराच्या कारभाऱ्याचे कर्तव्यच ठरते.