टँगमिअर : वेगाच्या दालनाबाहेरचा इतिहास

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, चिचेस्टर शहरापासून थोड्या अंतरावर टँगमिअरचा जुना लष्करी विमानतळ आहे. पहिल्या महायुद्धात तो उभारला गेला आणि १९७० मध्ये हवाई दलाने तो सोडला. आज त्या जमिनीवर शेती होते, मोठमोठ्या काचघरांत भाजी पिकते. एका कडेला १९८२ पासून छोटे वस्तुसंग्रहालय आहे. त्याचा कारभार मुख्यतः स्वयंसेवक सांभाळतात.

मी गेलो तेव्हा सर्वाधिक गर्दी लाल हॉकर हंटरभोवती होती. ७ सप्टेंबर १९५३ रोजी नेव्हिल ड्यूक यांनी या विमानातून ताशी ७२७.६३ मैल वेगाचा जागतिक विक्रम केला. १९४६ च्या विक्रमाचे मिटिऑरही तेथेच पाहिले. पण टँगमिअरची सर्वांत धाडसी उड्डाणे संथ विमानांची होती, आणि त्यांचा विक्रम कोणी नोंदवत नव्हते.

लायसँडर हे ते विमान. कमाल वेग ताशी सुमारे २१२ मैल. गुप्त कामगिरीसाठी त्यावरील मशीनगन काढून पोटाखाली जादा इंधनटाकी बसवली जाई आणि बाजूला शिडी. १६१ व्या स्क्वाड्रनचे वैमानिक पौर्णिमेच्या आगेमागे टँगमिअरला मुक्कामी येत. विमानतळाच्या फाटकासमोरच्या एका साध्या घरात हेर आणि वैमानिक एकत्र जेवत. पुढे जर्मनव्याप्त फ्रान्समधल्या एखाद्या कुरणात तीन हातबत्त्यांच्या खुणेवर उतरायचे, माणसे उतरवायची, दुसरी घ्यायची आणि काही मिनिटांत परतायचे.

१६ जून १९४३ च्या रात्री अशाच विमानाने नूर इनायत खान फ्रान्सला गेल्या. त्यांचे वडील इनायत खाँ बडोद्याचे. सयाजीरावांच्या आश्रयाने तेथे गायनशाळा चालवणारे मौलाबक्ष हे वडिलांचे आजोबा. नूर पॅरिसमधून बिनतारी संदेश पाठवीत. काही दिवसांतच त्यांचे सहकारी पकडले गेले. परतण्याची सूचना त्यांनी नाकारली. ऑक्टोबरमध्ये त्यांना अटक झाली आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाउच्या छळछावणीत त्यांची हत्या झाली. त्या रात्री दोन लायसँडरमधून गेलेल्या चौघांपैकी कोणीही जिवंत परतले नाही.

विक्रमाचे विमान जपून ठेवता येते. लायसँडरच्या कामाचे यश मात्र कुरणात काहीही मागे न राहण्यात होते. म्हणून हंटर पाहून झाल्यावर टँगमिअरचा उरलेला इतिहास फाटकाबाहेरच्या घरापासून वाचावा लागतो, आणि त्याचा एक धागा थेट बडोद्याच्या गायनशाळेपर्यंत येतो.