प्रश्नमंजुषा : गोळी देणाऱ्या यंत्रापासून मोबाईलपर्यंत



मागच्या पालकसभेत एका आईने मला सर्वांसमक्ष विचारले, "सर, मुलांच्या हाती मोबाईल देऊ नका असे तुम्हीच सांगता, आणि वर्गात मोबाईलवर प्रश्नांचे खेळही तुम्हीच घेता. आम्ही ऐकायचे तरी काय?" प्रश्न रास्त होता. त्या वेळी मी काहीबाही बोलून वेळ मारून नेली. पण इतिहास शिकवणाऱ्याने उत्तर इतिहासात शोधावे, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रश्न विचारणाऱ्या यंत्राची कल्पना मोबाईलहून कितीतरी जुनी आहे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात सिडनी प्रेसी नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. 1920 च्या दशकात त्यांनी एक छोटे यंत्र बनविले. खिडकीत एक प्रश्न व चार पर्याय दिसत, बाजूला चार बटणे असत. योग्य बटण दाबल्याखेरीज पुढचा प्रश्न येतच नसे. आणखी गंमत म्हणजे ठराविक उत्तरे बरोबर आली की गोळी बाहेर पडेल अशी सोयही त्यांनी केली होती! आजच्या खेळांतील गुण, पदके आणि टाळ्यांचे आवाज म्हणजे त्या गोळीचेच वंशज होत. परंतु यंत्राला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही आणि 1932 साली प्रेसींनी खेदाने हे काम सोडून दिले.

त्यानंतर आले हार्वर्डचे बी. एफ. स्किनर. 1953 साली ते आपल्या मुलीच्या वर्गात पालक म्हणून गेले होते. गणिताचा तास चालू होता. तेथे त्यांना दोन गोष्टी खटकल्या. हुशार व मंद अशा सर्वांना एकाच चालीने चालावे लागत होते, आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे मुलांना तेव्हाच्या तेव्हा कळत नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःचे शिक्षणयंत्र लोकांपुढे मांडले. मात्र चार पर्यायांतून एक निवडणे त्यांना पसंत नव्हते. मुलाने उत्तर स्वतः तयार करावे, चुकीचे पर्याय डोळ्यांपुढे ठेवले तर तेही मनात घर करतात, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप वाचकांनी ध्यानात ठेवावा. 1960 साली इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांनी 'प्लेटो' ही संगणकावर शिकविण्याची योजना सुरू केली आणि यंत्राची जागा संगणकाने घेतली.

आपल्या देशात मात्र प्रश्नमंजुषा यंत्रातून आली नाही. ती सभागृहातून आणि रेडिओवरून आली. 1967 साली कलकत्त्यात नील ओब्रायन यांनी खुली प्रश्नमंजुषा भरविली. 1972 साली 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' सुरू झाली. तिचे सूत्रसंचालक होते मुंबईचे हमीद सयानी. 1975 साली त्यांचे निधन झाले आणि धाकटे बंधू अमीन सयानी यांनी ते काम उचलले. अमीनभाईंना सारा देश गाण्यांसाठी ओळखतो. पण या दोघा भावांची आई, कुलसुम सयानी, यांची ओळख आपल्या मुलींना असावी असे मला वाटते. प्रौढ साक्षरतेसाठी या बाईंनी आयुष्य वेचले. नवसाक्षरांसाठी 'रहबर' हे पाक्षिक त्यांनी 1940 ते 1960 अशी वीस वर्षे चालविले, तेही सोप्या हिंदुस्तानीत, नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. ज्या घरात आई शेजारणींना अक्षरे शिकवीत होती, त्याच घरातील मुलगे पुढे देशभरच्या शाळकरी मुलांना प्रश्न विचारू लागले. असो.

दूरदर्शनवरील 'क्विझ टाइम' (1985) आणि 'कौन बनेगा करोडपती' (2000) यांविषयी पालकांना मी काय सांगावे!

ऑनलाईन खेळाचा उगम नॉर्वेतील. तेथील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात प्रा. आल्फ इंगे वांग यांनी 2006 साली आपल्या तासासाठी एक प्रश्नखेळ तयार केला. त्यातूनच पुढे 'कहूट' निघाले व 2013 साली ते सर्वांस खुले झाले. प्रश्न समोरच्या पडद्यावर दिसतो, मुलांच्या मोबाईलवर फक्त रंगीत चौकोन, आणि जो लवकर दाबेल त्याला जास्त गुण. 2015 साली बंगळूरमध्ये 'क्विझिझ' जन्मले. 2025 पासून त्याचे नाव 'वेग्राउंड' झाले आहे. त्यात प्रश्न ज्याच्या त्याच्या पडद्यावर येतो व प्रत्येकजण आपल्या चालीने जाऊ शकतो. म्हणजे स्किनरची एक तक्रार दूर झाली, पर्यायांची मात्र राहिली.

आता माझी चूक सांगतो. आठवीला 1857 चा धडा झाल्यावर मी घड्याळ लावून खेळ घेत असे. वर्गात एकच गलका होई आणि मी खूश! एक मुलगा दर वेळी तळाशी. लेखी परीक्षेत मात्र त्याचे गुण चांगले. जवळ बोलावून विचारले तेव्हा म्हणाला, "सर, मी प्रश्न दोनदा वाचतो." इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोनदा वाचावे हेच तर मी शिकवत होतो, आणि त्याचीच शिक्षा त्याला देत होतो. तेव्हापासून मी वेळ वाढविली. चौघांत एक मोबाईल दिला, त्यामुळे ज्यांच्या घरी एकच फोन असतो व तो अब्बांबरोबर कामावर जातो, त्यांचीही सोय झाली. शिवाय खेळ संपल्यावर एका प्रश्नाचे उत्तर वहीत चार ओळींत लिहायला लावतो, पर्यायांविना.

तर मग त्या आईला उत्तर काय? 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे लाभ आठवण्याचा आहे, मोबाईलचा नव्हे. घरी भाकरी थापता थापता अम्मीने पाच प्रश्न विचारले तरी काम तेच होते, आणि अम्मीला लिहिता-वाचता आलेच पाहिजे असेही नाही. पुस्तक मुलाच्या हाती असावे, बहिणीने तपासावे.

वर्गात हल्ली मी 'प्लिकर्स'ची कागदी कार्डे वापरतो. प्रत्येक मुलाचे कार्ड वेगळे, चार बाजूंना चार पर्याय; उत्तराची बाजू वर धरायची आणि माझा एकच मोबाईल ती टिपून घेतो. शेजाऱ्याचे कार्ड पाहून उत्तर कळत नाही, हा आणखी एक फायदा. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला हा खेळ असतो. त्या मातेने एकदा मागच्या बाकावर येऊन बसावे, ही विनंती. एक कार्ड त्यांच्यासाठीही काढून ठेवले आहे.