देवालयाच्या आवारांतील वृक्ष व त्यांच्या तोडीची परवानगी : करमाळ्याच्या निमित्तानें

करमाळ्याच्या पूर्वेस माळावर श्रीकमलादेवीचें देवालय आहे. निजामाच्या पदरचे सरदार रावरंभा निंबाळकर यांनीं तें इसवी सन 1727 च्या सुमारास उभारलें, अशी मान्य समजूत आहे. दाक्षिणात्य वळणाचीं गोपुरें, उंच दीपमाळा आणि 96 पायऱ्यांची बारव यांमुळें तें प्रसिद्ध आहे. शहाण्णव कुळींची आठवण म्हणून खांबांची संख्याहि 96 च ठेविली, असें सांगतात. आणि येणारा प्रत्येक यात्रेकरू खांब मोजून पाहतो. आवारांतील झाडें मात्र कोणी मोजीत नाहीं. सोलापूर प्रांतीं पाऊस थोडा, माळ उघडा. अशा मुलखांत देवळाशेजारची चिंच किंवा निंब हीच यात्रेकरूची खरी धर्मशाळा होय. असें असतां हें झाड कोणाचें, आणि तें तोडावयाचें झाल्यास विचारावयाचें कोणास, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांनीं फारसा हातीं घेतलेला नाहीं. त्याचा थोडासा विचार येथें करावयाचा आहे.

मराठेशाहींतील इनामाच्या सनदा ज्यांनीं चाळल्या असतील त्यांस 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप' हा शब्दसमूह पाठच असेल. इनाम दिलें म्हणजे केवळ जमीन दिली असें नव्हे. तीवरचें पाणी, झाड, गवत, लांकूड, दगड, पुरलेला ठेवा, सर्व कांहीं दिलें, असा त्याचा अर्थ. या शब्दसमूहांत 'तरु' आणि 'काष्ठ' हे दोन शब्द निरनिराळे घातलेले आहेत, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. उभें झाड निराळें आणि तोडलेलें लांकूड निराळें, ही जाणीव त्या काळच्या कारकुनासहि होती. परंतु इनाम देवस्थानास दिलेलें असलें म्हणजे धनी देव ठरतो. पुजारी, गुरव किंवा व्यवस्थापक हा वहिवाटदार. वहिवाटदारानें फळ खावें. झाड तोडून विकावें कीं काय, याचें उत्तर सनदेच्या शब्दांत मिळत नाहीं. तें व्यवहारानें ठरत आलें.

राज्यकर्त्यांचा या बाबतींतला विचार सर्वांत स्पष्टपणें आढळतो तो आज्ञापत्रांत. लोक हा मजकूर सर्रास शिवछत्रपतींची आज्ञा म्हणून उद्धृत करतात. वस्तुतः हा ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांचा असून कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकीर्दींत, 1715 च्या सुमारास, सिद्ध झालेला आहे. त्यांतील नीति शिवकालीन असेल, पण लेखन शिवकालीन नव्हे, एवढा भेद राखणें संशोधकाचें कर्तव्य आहे. आरमाराच्या प्रकरणांत अमात्य सांगतात कीं, सागवानादि लांकूड लागेल तें हुजूरचा परवाना घेऊन राज्यांतील अरण्यांतून तोडावें. आंबा, फणस हींहि आरमाराच्या उपयोगाचीं. परंतु तीं वर्षां-दोन वर्षांत वाढत नाहींत, रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, म्हणून त्यांस हात लावूं नये. एखादें झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालें असेल तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें. बलात्कार सर्वथा करूं नये. परवाना, जीर्णता, संमति व मोबदला या चारही गोष्टी येथें आलेल्या आहेत. अलीकडच्या कायद्यांत याहून निराळें फारसें नाहीं.

विलायतेंत हाच प्रश्न चर्चच्या आवारासंबंधानें उठला. पहिल्या एडवर्डच्या पस्तिसाव्या वर्षीं, म्हणजे 1307 त, धर्मगुरूनें चर्चच्या आवारांतील झाडें पाडूं नयेत असा कायदा तेथें झाला. हीं झाडें वाऱ्याच्या माऱ्यापासून इमारतीचें रक्षण करण्यासाठीं लावलेलीं असतात, असें कारण त्यांत दिलें आहे. देवळाच्या दुरुस्तीस लांकूड लागेल तेवढ्यापुरती सूट. आजहि तेथें कांहीं कामांस आर्चडीकनची लेखी अनुज्ञा लागते, तर मोठ्या कामांस धर्मप्रांताच्या न्यायाधीशाची. शिवाय स्थानिक संस्थेनें झाड संरक्षित ठरविलें असल्यास तिचीहि. धर्माची परवानगी आणि राज्याची परवानगी अशा दोन्ही तेथें लागतात.

आपल्याकडे धर्माची परवानगी कागदावर नाहीं, ती कौलांत आहे. कोंकणांत व सह्याद्रीच्या कुशींतील देवरायांत वाळकें झाड काढावयाचें तरी देवास कौल लावण्याची चाल आहे. कौल उजवा पडला तर कुऱ्हाड, नाहीं तर नाहीं. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं 1970 नंतरच्या दशकांत या रायांची पाहणी केली. श्रीवर्धन तालुक्यांतील गाणी गांवची राई जंगलखात्यानें तोडीस काढली, तेव्हां गांवकऱ्यांनीं या विद्वानांकडे धांव घेतली. राई गेली तर ओढा आटेल, हें गांवकऱ्यांस पुस्तकावांचून ठाऊक होतें. ती राई वांचली. करमाळ्याच्या पठारावर अशी दाटी नाहीं. येथें राई म्हणजे एकटा वड, एकटा पिंपळ. आणि एकट्या झाडास कौल लावणारा गांवकरी क्वचितच.

म्हणून येथें राज्याच्या परवानगीवरच भिस्त. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायद्यानें कांहीं जातींच्या झाडांस वृक्ष-अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आवश्यक केली. त्याच्या मूळ अनुसूचींत चिंच, आंबा, जांभूळ, मोह आहेत; वड, पिंपळ व निंब नाहींत. वड-पिंपळांस श्रद्धेचें संरक्षण आहे म्हणून कायद्याची गरज वाटली नसावी, असा एक तर्क. दुसरा तर्क असा कीं, कायदा करणाऱ्यांची दृष्टि लांकडाच्या किंमतीवर होती. मला दुसरा अधिक संभवनीय दिसतो. 1975 च्या नागरी क्षेत्रांतील वृक्ष-कायद्यानें मात्र जातिभेद काढून टाकला. नगरपरिषदेच्या हद्दींत कोणतेंहि झाड असो, अर्ज, झाडावर लावावयाची नोटीस, चौकशी आणि तोडीच्या बदल्यांत नवी लावणी, हा क्रम आला. 2021 च्या दुरुस्तीनें 50 वर्षें किंवा अधिक वयाच्या झाडास वारसा-वृक्ष म्हटलें. तेव्हां एकच निंब शहराच्या वेशीच्या आंत असला तर एका कायद्याखालीं, वेशीबाहेर माळावर असला तर दुसऱ्याखालीं, किंवा कोणत्याहि नाहीं, अशी विचित्र स्थिति संभवते.

वयाचा मुद्दा आला म्हणजे अभ्यासकाचें काम सुरू होतें. 50 वर्षें झालीं हें सिद्ध कोणी करावयाचें? बुंध्याचा घेर मापून अंदाज निघतो. पण जुनें छायाचित्र, पूजेच्या हक्काच्या तंट्यांतील जबानी, पाराच्या बांधकामाचा जमाखर्च, पारावरील दात्याच्या नांवाचा दगड, हे पुरावे अधिक बळकट. हे कागद हक्कदारांच्या घरीं आहेत तोंवरच गोळा करणें बरें, कारण जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं आवारें फरसबंद होत आहेत आणि बुंध्यापर्यंत सिमेंट भिडत आहे. या कामास कोणी परवानगी मागत नाहीं, कारण कुऱ्हाड चाललेली नसते. परंतु 1975 च्या कायद्यांत 'तोडणें' या शब्दाची व्याख्याच अशी आहे कीं, झाड जाळणें, कापणें किंवा त्यास कोणत्याहि रीतीनें इजा करणें हें तोडणेंच होय.